धून एकाची, साज दुसऱ्याचा

जेम्स बॉण्डचा एकही चित्रपट ज्यानं पाहिलेला नाही, त्यालाही बॉण्डची धून मात्र ठाऊक असते! शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादा चिमुरडा काळा गॉगल लावून, खेळण्यातलं पिस्तूल रोखून स्टेजवर आला की मागे हीच धून वाजते. घरात कुणी फ्रिजमधल्या श्रीखंडाकडे चोरपावलांनी निघालं की बाकीचे तोंडानं हीच धून वाजवतात. डिंग डिगिडिगि डिंग डिंग डिंग... शब्द नाहीत, गायक नाही, तरी जगाच्या पाठीवर कुठंही ओळख करून द्यावी लागत नाही.

आता एक साधा प्रश्न. ही धून कुणाची?

प्रश्न साधा, पण तो २००१ साली थेट लंडनच्या हायकोर्टात ज्यूरीपुढे गेला. एका बाजूला धुनेचा कागदोपत्री संगीतकार. दुसऱ्या बाजूला एक वृत्तपत्र आणि त्या वृत्तपत्राच्या बाजूनं साक्ष द्यायला आलेला, धुनेला सजवणारा संगीत संयोजक. धुनेचा जन्म होऊन तेव्हा जवळपास चाळीस वर्षं झाली होती. मधल्या काळात कितीतरी ऑर्केस्ट्रांनी ती आपापल्या पद्धतीनं वाजवून रेकॉर्ड केली होती, विकली होती. आणि खरं सांगायचं तर या भांडणाचं मर्म समजून घ्यायचं असेल, तर कोर्टाच्या निकालपत्रापेक्षा या नकला ऐकणं जास्त उपयोगाचं आहे!

सुरुवात होते ती एका शिंकेपासून.

त्रिनिदाद बेटावर ऊसमळ्यांत राबायला गेलेल्या भारतीय मजुरांची पुढली पिढी हा व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या १९६१ च्या कादंबरीचा विषय. कादंबरीचा नायक मोहन बिस्वास जन्माला येतो तोच अपशकुनी ठरून. याची शिंक घात करील, असं पंडितजी सांगून टाकतात. बाहेर पडताना कुणी शिंकलं तर पाच मिनिटं थांबणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको! या कादंबरीवर संगीत नाटक करायचं ठरलं आणि मॉन्टी नॉर्मन या लंडनच्या संगीतकारानं त्यासाठी एक गाणं रचलं. ‘बॅड साइन, गुड साइन’ हे त्याचं नाव आणि ही दुर्दैवी शिंक हाच त्याचा विषय. चाल अर्थातच भारतीय वळणाची. नाटक काही रंगमंचावर आलं नाही. गाणं नॉर्मनच्या टेबलाच्या खणात पडून राहिलं.

त्याच सुमारास ‘डॉक्टर नो’ या पहिल्या बॉण्डपटाचं संगीत नॉर्मनकडे आलं. जमैकात जाऊन त्यानं तिथल्या कॅलिप्सो ढंगाची गाणी केली, ती चित्रपटात आहेतही. पण नायकासाठी म्हणून जी खास धून हवी होती, ती जमेना. तेव्हा नॉर्मनला खणातलं गाणं आठवलं. त्यानं त्या चालीतला लांब सूर तोडला, त्याचे छोटे छोटे तुकडे केले आणि भारतीय ढंगाची ती सुरावट एकदम तुटक, दबक्या पावलांची झाली. बिस्वासच्या शिंकेतून बॉण्ड जन्माला आला!

पण हा जन्म अजून अर्धाच होता. निर्मात्यांना धून कागदावर पटली, पण तिच्यात दम वाटेना. म्हणून बोलावणं गेलं जॉन बॅरीला. यॉर्क शहरातला हा तरुण तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. वडिलांची चित्रपटगृहं होती, त्यामुळे लहानपण पडद्यासमोरच गेलेलं. स्वतःचा ‘जॉन बॅरी सेव्हन’ हा बँड होता. जाझ आणि रॉक दोन्ही हातात खेळत होते. बॅरीनं चित्रपट पाहिलेलाही नव्हता. सुमारे २५० पौंड ठरले, कामाला मोजके दिवस मिळाले आणि २१ जून १९६२ रोजी लंडनच्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं.

गंमत म्हणजे ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतात ती व्हायोलिनं, पण या रेकॉर्डिंगमध्ये ती नव्हतीच! पाच सॅक्सोफोन, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारखी नऊ पितळी वाद्यं, ताल धरणारी मंडळी आणि एक गिटार. गिटार वाजवली ती बॅरीच्याच बँडमधल्या व्हिक फ्लिक या पंचवीस वर्षांच्या वादकानं. जाड तारांवर, पट्टीनं जोरकस आघात करत. त्याला मिळाले जेमतेम काही पौंड. एक दिवसाची मजुरी. पुढं त्या आवाजावर कोट्यवधींचा धंदा उभा राहिला, पण हिशेब त्या दिवशीच मिटलेला होता.

घरात पेटी किंवा मुलांचा कॅसिओ असेल तर एक प्रयोग करण्यासारखा आहे. पांढरी एकचा षड्ज धरायचा आणि डाव्या हातानं दाबून ठेवायचा. उजव्या हातानं संथपणे वाजवायचं: पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा, परत काळी चार. पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत आणि परत कोमल धैवत. चार सूर, बस्स! खोलीत लगेच कुणीतरी दबा धरून बसल्यासारखं वाटू लागेल. दोन्ही धैवत असे एकापाठोपाठ घेणं आपल्या रागसंगीतात सहसा घडत नाही, म्हणूनच ती अस्वस्थता कानाला बोचते.

धुनेचा शेवटही असाच. गिटारवर जो एकच झंकार उठतो आणि हवेत लोंबकळत राहतो, त्यात पांढरी एक, काळी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि वरची पांढरी दोन असे सूर एकदम वाजतात. कोमल गंधाराबरोबर शुद्ध निषाद! ज्यांच्या कानात पटदीप मुरलेला आहे, त्यांना हे सूर अनोळखी वाटणार नाहीत. आपल्याकडे तेच सूर एकामागून एक येतात आणि हुरहूर लावतात. तिकडे ते एकाच ठोक्यात येतात आणि धोक्याची घंटा वाजवतात.

आता गिटारची सुरावट एकीकडे ठेवा. तिच्याखाली सरकणारे ते चार सूर दुसरीकडे. पितळी वाद्यांची ती झुलती, बेदरकार गर्जना तिसरीकडे. यातलं ‘धून’ म्हणावं ते नेमकं काय? आणि ‘साज’ कशाला म्हणायचं? भांडणाचं मूळ इथंच आहे.

‘डॉक्टर नो’च्या श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून नाव आलं मॉन्टी नॉर्मनचं. जॉन बॅरीचं नाव धून वाजवणारा म्हणून आलं. हक्क नॉर्मनचे आणि रॉयल्टीही नॉर्मनची. बॅरीनं त्याच वर्षी आपल्या ऑर्केस्ट्रासह हीच धून रेकॉर्ड करून बाजारात आणली आणि ती ब्रिटनच्या लोकप्रियता यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत चढली. निर्माते शहाणे होते. पुढच्या चित्रपटापासून त्यांनी बॅरीलाच बोलावलं आणि १९८७ पर्यंत त्यानं तब्बल अकरा बॉण्डपटांना संगीत दिलं. त्याला आयुष्यात पाच ऑस्कर मिळाली. मात्र त्यातलं एकही बॉण्डसाठी नाही!

तीस-पस्तीस वर्षं कुजबुज चालूच होती. १९९७ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’नं ती छापली. धून खरी बॅरीची, नॉर्मनची नव्हेच, असा त्या लेखाचा सूर होता. नॉर्मननं अब्रुनुकसानीचा दावा लावला. २००१ च्या सुनावणीत ज्यूरीसमोर धुना वाजवल्या गेल्या, तज्ज्ञांनी एकेका सुराची चिरफाड केली. बॅरीनं शपथेवर सांगितलं की धून आपणच रचली, श्रेय नॉर्मनकडे ठेवायला आपण तेव्हा कबूल झालो ते पुढची कामं मिळतील म्हणून. नॉर्मननं आपलं शिंकेचं गाणं पुढं केलं. ज्यूरीनं कौल दिला नॉर्मनच्या बाजूनं. त्याला ३०,००० पौंड भरपाई मिळाली. कायद्यापुरता विषय संपला. पण कानांपुरता?

कोर्टात २००१ साली आलेला हा प्रश्न लंडन आणि न्यूयॉर्कच्या ऑर्केस्ट्रावाल्यांसमोर १९६४ पासून रोज उभा होता. त्या वर्षी ‘गोल्डफिंगर’ आला. शर्ली बॅसीच्या आवाजातलं शीर्षकगीत, त्याआधी चवताळून उठणारी पितळी वाद्यं... लोक वेडे झाले. ‘गोल्डफिंगर’च्या संगीताची रेकॉर्ड १९६५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. मागणी एवढी की मूळ रेकॉर्ड पुरेना. मग प्रत्येक कंपनीला स्वतःचा बॉण्ड हवासा झाला.

लंडनच्या रोलंड शॉ यांच्या ऑर्केस्ट्रानं बॉण्डपटांच्या धुनांच्या रेकॉर्ड काढल्या. मग इतर हेरपटांच्या आणि टीव्ही मालिकांच्या धुनाही घेतल्या. अमेरिकेत काउंट बेसीसारख्या जाझच्या बादशहानं ‘बेसी मीट्स बॉण्ड’ ही अख्खी रेकॉर्ड केली. १९७० च्या दशकात जेफ लव्ह यांच्या ऑर्केस्ट्रानं ‘बिग बॉण्ड मूव्ही थीम्स’ आणली, तीही ‘म्युझिक फॉर प्लेझर’ या खिशाला परवडणाऱ्या मालिकेत. चित्रपटाच्या मूळ रेकॉर्डपेक्षा ही स्वस्त. मध्यमवर्गीय घरात बॉण्ड शिरला तो बऱ्याचदा याच मागच्या दारानं!

या मंडळींचं काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. धुनेचा परवाना विकत घेता येई, पण मूळ संयोजनाचे कागद काही दुकानात मिळत नसत. मग संयोजकानं रेकॉर्ड लावायची, सुई पुन्हा पुन्हा मागे ठेवायची, कान देऊन एकेक वाद्य वेगळं काढायचं आणि नव्यानं स्वरलेखन करायचं. स्टुडिओ ताशी भाड्याचा. वादक आले की समोर कागद, दोन तालमी आणि लाल दिवा. एका बैठकीत तीन-चार धुना उरकायच्या.

आणि तिथंच संयोजकाला ठरवावं लागे: काय ठेवायचं आणि काय बदलायचं?

या नकला शेजारी शेजारी ठेवून ऐकल्या की एक मजेदार गोष्ट ध्यानात येते. गिटार काढून तिची सुरावट ट्रम्पेटला दिली, तरी धून ओळखू येते. व्हायोलिनं घातली, तरी ओळखू येते. थोडी गुळगुळीत होते इतकंच, म्हणजे बॉण्डनं पिस्तूल ठेवून हातात फुलांचा गुच्छ घ्यावा तशी! बेसीच्या वाद्यवृंदानं तिचा वेग, तिची चाल सगळंच बदललं. हेराची दबकी पावलं जाऊन नाचघरातली ऐटदार पावलं आली. तरीही ती बॉण्डचीच. पण ते चार सरकते सूर काढून टाकले तर? मग उरते ती एक बरी गिटारची सुरावट, बॉण्ड उरत नाही. म्हणूनच एवढ्या सगळ्या मंडळींनी बाकीचं काहीही बदललं, तरी त्या चार सुरांना सहसा हात लावला नाही. २०१२ च्या ‘स्कायफॉल’मध्ये अॅडेल गायली तेव्हा अॅबी रोड स्टुडिओत ७७ वादकांचा ताफा होता आणि त्या गाण्याच्या पोटातही तेच चार सूर सरकताना ऐकू येतात. नकला करणाऱ्यांनी न बोलता दिलेली ही साक्षच म्हणायची.

साज बदलला की धुनेचा जीव कसा जातो आणि कसा राहतो, याचं आणखी एक उदाहरण म्हणजे ‘मिशन: इम्पॉसिबल’. १९६६ मध्ये अमेरिकन टीव्हीवर सुरू झालेल्या या मालिकेची धून रचली लालो शिफ्रिन यांनी. मूळचे ब्युनोस आयर्सचे, वडील तिथल्या नामांकित ऑपेरा ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवादक, शिक्षण पॅरिसला आणि नोकरी डिझी गिलेस्पी यांच्या जाझ बँडमध्ये पियानोवादकाची! शिफ्रिन यांनी धून बांधली ती पाच ठोक्यांत. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत बहुतेक चार ठोक्यांचं. त्यामुळे तिथल्या श्रोत्याला प्रत्येक आवर्तनात पायाखालची फळी निसटल्यासारखं वाटतं.

आपल्याकडच्या तबला शिकणाऱ्या मुलाला मात्र हे चटकन समजेल. पाच ठोक्यांच्या दहा मात्रा केल्या की समोर येतो तो झपतालाचाच चुलतभाऊ. झपताल म्हणजे दोन-तीन-दोन-तीन: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. शिफ्रिन यांनी विभाग केले तीन-तीन-दोन-दोन. टाळी देत म्हणून बघा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन. दोन लांब आणि दोन आखूड पावलं. तारायंत्राच्या मोर्स लिपीत दोन लांब म्हणजे ‘एम’ आणि दोन आखूड म्हणजे ‘आय’. म्हणजे मालिकेची आद्याक्षरंच!

१९९६ मध्ये टॉम क्रूझचा चित्रपट आला तेव्हा ‘यू-टू’ बँडच्या लॅरी मलन आणि अॅडम क्लेटन या दोघांनी ही धून नव्यानं केली. डिस्कोत नाचता यावं म्हणून पाच ठोक्यांची बहुतांशी चार ठोक्यांत बसवली. रेकॉर्ड धडाक्यात खपली, अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या दहांत आली. लोक नाचले. पण झपताल केरव्यात बसवला की जे होतं, तेच इथंही झालं. पाय खूश झाले आणि उत्कंठा कमी झाली. चित्रपट मालिकेनं मात्र शिफ्रिन यांची मूळची लंगडी चाल काही सोडली नाही. जून २०२५ मध्ये शिफ्रिन ९३ व्या वर्षी वारले, तेव्हाही जगभर त्यांची आठवण निघाली ती याच पाच ठोक्यांमुळे.

आता वाद्याच्या निवडीचं महत्त्व. १९६५ मध्ये ‘द इपक्रेस फाइल’ हा मायकेल केनचा हेरपट आला. त्याचा नायक बॉण्डसारखा थाटाचा नाही. चश्मा लावणारा, बाजारहाट करणारा, स्वयंपाक करणारा सरकारी नोकर. संगीत जॉन बॅरीचंच. पण बॅरीनं इथं पितळी गर्जना टाळली आणि मुख्य सूर दिला सिम्बलोम या हंगेरीकडच्या वाद्याला. ताणलेल्या तारांवर छोट्या काठ्यांनी आघात करायचा. म्हणजे नात्यानं आपल्या संतूरचाच भाऊबंद! त्या वाद्याच्या थरथरत्या, एकाकी आवाजानं सबंध लंडन शहर थंड आणि संशयी करून टाकलं. हीच धून तुम्ही पन्नास व्हायोलिनांवर वाजवा. सूर तेच, क्रम तोच, पण तो एकटा, चश्मेवाला माणूस गर्दीत हरवून जातो. मग विचारावंसं वाटतं, ही धून फक्त सुरांची होती की त्या वाद्याचीही?

१९९० च्या दशकात हा नकलांचा उद्योग लंडनहून प्रागला पोहोचला. ‘सिटी ऑफ प्राग फिलहार्मोनिक’ या ऑर्केस्ट्रानं ब्रिटनमधल्या ‘सिल्वा स्क्रीन’ या कंपनीसाठी बॉण्डपटांचं संगीत पुन्हा रेकॉर्ड केलं. कारण व्यवहाराचं होतं. चेक देशातले वादक तयारीचे आणि लंडनच्या मानानं खर्च कमी. पण यात एक जमेची बाजूही होती. संचालन करायला होते निक रेन, ज्यांनी खुद्द जॉन बॅरीच्या हाताखाली संयोजनाचं काम केलं होतं. गुरूचा हात ओळखणारा शिष्य! त्यामुळे या नकलेत शोभेपेक्षा निष्ठा जास्त. पूर्वी नीट ऐकू न येणारी आतली वाद्यं त्या रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतात.

अशा पुनर्निर्मितीला तुच्छ लेखून चालत नाही, त्याला आणखी एक कारण आहे. चित्रपटाचं संगीत एकदा पट्टीवर चढलं की कागदांची किंमत शून्य, असा जगभरच्या स्टुडिओंचा खाक्या होता. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओनं तर १९७० च्या सुमारास जागा मोकळी करण्यासाठी आपल्या संगीत विभागाचे ढीगच्या ढीग कागद कचऱ्यात काढले. जॉन विल्सन या इंग्रज संचालकानं नंतर कित्येक वर्षं ते चित्रपट कानानं ऐकून त्यातलं संयोजन पुन्हा उतरवलं आणि मग कुठं ते संगीत पुन्हा मंचावर ऐकायला मिळालं. म्हणजे ज्याला आपण ‘कॉपी’ म्हणून नाक मुरडतो, तीच कधी कधी मूळ वस्तू वाचवते!

कधी ती नवा माणूसही घडवते. डेव्हिड अरनॉल्ड या ब्रिटिश संगीतकारानं १९९७ मध्ये बॉण्डगीतं नव्या गायकांकडून गाऊन घेऊन ‘शेकन अॅण्ड स्टर्ड’ हा अल्बम केला. जॉन बॅरीनं तो ऐकला आणि बॉण्डच्या निर्मात्यांना या तरुणाचं नाव सुचवलं. त्याच वर्षीच्या ‘टुमॉरो नेव्हर डाइज’चं संगीत अरनॉल्डनं दिलं आणि त्यासह सलग पाच बॉण्डपट त्याचेच झाले. नक्कल करता करता थेट गादीवर!

मग पैशाचं काय? इथं कायद्याची एक बारीक शिवण समजून घ्यायला हवी. गाण्यावर हक्क दोन प्रकारचे असतात. एक, शब्द आणि चालीचा. दुसरा, प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा. नवा ऑर्केस्ट्रा तीच धून नव्यानं वाजवतो तेव्हा तो जुनं ध्वनिमुद्रण वापरतच नाही. त्यामुळे त्या कंपनीला काही द्यावं लागत नाही. द्यावं लागतं ते चालीच्या मालकाला. म्हणजे रोलंड शॉ असो, बेसी असो की प्रागची मंडळी, प्रत्येक रेकॉर्डमागे नॉर्मनच्या खात्यात रक्कम जमा होत राहिली. ती काही लाख पौंडांच्या घरात गेली. बॅरीनं बसवलेला साज, फ्लिकनं काढलेला तो झंकार यांची नक्कल मात्र सगळ्यांनी केली आणि त्यासाठी त्यांना एक पेनीही द्यावी लागली नाही.

हा प्रकार मराठी वाचकांना परका नाही. १९८० च्या दशकात कॅसेटचा जमाना आला, तेव्हा टी-सिरीजनं जुन्या हिंदी गाण्यांच्या ‘व्हर्शन’ कॅसेट स्वस्तात बाजारात ओतल्या. गायक नवे, वादक नवे, गाणी जुनी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशा नव्या ध्वनिमुद्रणाला सोय होती, तिच्याच आधारानं हे चाललं. २०१२ च्या दुरुस्तीनं नियम आवळले. मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं थांबण्याचं बंधन आलं. त्याच दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्कही पक्का केला. योग्यच झालं. पण त्या गाण्यांची सुरुवातीची जी सुरावट ऐकताच गाणं ओळखू येतं, कडव्यांच्या मधले जे तुकडे लोक तोंडानं वाजवतात, ते लिहिणाऱ्या संयोजकाचं काय?

हिंदी चित्रसंगीतात हे लिहिणारे हात बरेचसे गोव्याचे होते. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचं संयोजन केलं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी कितीतरी संगीतकारांसाठी नोटेशन लिहिलं आणि प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं. चर्चमध्ये बालपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेली ही मंडळी मुंबईत आली आणि गुणगुणलेल्या चालीला साठ-साठ वाद्यांचे अंगरखे शिवत राहिली. गोन्साल्विस यांचं नाव घराघरांत पोहोचलं ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे. शिष्यानं गुरूला केलेला तो मुजरा होता. पण ते नाव एका खऱ्या संयोजकाचं आहे, हे गाण्यावर नाचणाऱ्या किती जणांना ठाऊक होतं? मानधन घ्यायचं, कागद स्टुडिओत ठेवायचा आणि लोकल गाठायची. लंडनचा व्हिक फ्लिक आणि मुंबईचा गोवेकर वादक एकमेकांना कधी भेटले नसतील, पण दोघांची पावती सारखीच होती.

बॉण्डच्या धुनेचा भारताशी आणखी एक धागा आहे, आणि तो मोठा गोड आहे. १९८३ चा ‘ऑक्टोपसी’ उदयपूरला चित्रित झाला. बॉण्ड नावेतून घाटावर उतरतो. तिथं एक गारुडी पुंगी वाजवत बसलेला. हा गारुडी म्हणजे बॉण्डचा भारतातला साथीदार, भूमिकेत टेनिसपटू विजय अमृतराज. खूण म्हणून तो पुंगीवर काय वाजवतो? बॉण्डचीच धून! चित्रपटगृहात हशा पिकायचा तो इथंच. गंमत म्हणून केलेला हा प्रसंग. पण त्रिनिदादमधल्या भारतीय कुटुंबाच्या गाण्यातून निघालेली सुरावट लंडनच्या गिटारवरून, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवरून फिरत फिरत वीस वर्षांनी भारतातल्या घाटावर, पुंगीतून बाहेर पडली. आणि त्या चित्रपटाचा संगीतकार होता जॉन बॅरी! नॉर्मनची सुरावट आणि बॅरीचं संगीत पुंगीवर एकत्र नांदली. कोर्टात मात्र त्यांना जमलं नाही.

आता ते तिघंही नाहीत. बॅरी २०११ मध्ये गेला. नॉर्मन २०२२ मध्ये, ९४ व्या वर्षी. त्याच वर्षी बॉण्डपटांना साठ वर्षं झाली म्हणून लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मोठा सोहळा झाला. ऑर्केस्ट्रा सज्ज होता आणि ८५ वर्षांच्या शर्ली बॅसीनं मंचावर येऊन गाऊन दाखवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हिक फ्लिकही ८७ व्या वर्षी वारला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याच्या निधनाची बातमी दिली. मथळ्यात चित्रपटाचं नाव होतं, धुनेचं नाव होतं आणि एवढ्या वर्षांनी का होईना, गिटार वाजवणाऱ्याचंही नाव होतं.